राजपुत्राचा मासा

परवा माझ्या नातवाने, ओमने, भरल्या ताटावरून उठून हात धुतले. कारण विचाराल तर टीव्ही. कुठल्याशा जाडजूड पुस्तकावरून काढलेली मालिका तो आठवडाभर वाट बघून लावतो. त्यात उडणारे राक्षस आहेत, बर्फाचे किल्ले आहेत आणि एक नायक आहे, जो पुस्तकात म्हणे सडसडीत, काळ्या केसांचा होता आणि टीव्हीवाल्यांनी कुठला तरी गुबगुबीत, भुऱ्या केसांचा धरून आणला. वर नदीवरचा एक अख्खा प्रसंगच गाळला. "आजी, तो प्रसंगच नाही तर पुढच्याला काही अर्थच नाही," असं सांगताना पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. माझी सून म्हणाली, गोष्टच ना ती, एवढं काय त्यात. मी सुनेला नजरेनेच गप्प केलं आणि त्याचं ताट झाकून ठेवलं. कारण त्याच्या वयाची असताना मी त्याच्याहून वाईट होते. त्याने नुसतं जेवण टाकलं. मी एका पुस्तकापायी अख्ख्या चिखल्याला वेठीला धरलं होतं, आणि ते सुद्धा एका शब्दावर अडून. आता तलासरीला लेकाच्या घरात बसून, अच्छाडच्या नाक्याकडे जाणाऱ्या ट्रकांचे भोंगे ऐकत ते आठवलं की एकटीच हसते, आणि सुनेला वाटतं म्हातारीला काहीतरी होतंय.

चिखल्याला आमचं घर चिकूच्या वाडीत होतं. डहाणूहून घोलवडला जाताना समुद्राच्या अंगाला जो सुरूचा पट्टा लागतो, त्याच्या अलीकडे. घराला दोन आवाज कायमचे होते: मागून समुद्राचा आणि पुढून विहिरीवरच्या इंजिनाचा. इंजिन बंद पडलं की आप्पा, म्हणजे माझे वडील, जेवता जेवता थबकायचे, आणि ते पुन्हा डुगडुगायला लागलं की पुढचा घास घ्यायचे. आई सकाळी तांदळाच्या भाकऱ्या थापायची, थंडीत केळीच्या पानात पानगी लावायची, आणि तव्यावर सुकट भाजायला घेतली की आमच्या वाडीतलं प्रत्येक माणूस काही ना काही निमित्त काढून स्वयंपाकघरापाशी येऊन जायचं. दुपारी मागच्या पडवीत चिकू भरायचं काम चाले. हौदात धुऊन वरची तपकिरी भुकटी काढलेले चिकू सुकायला पसरलेले असायचे, मग बायका ते निवडून गवत घातलेल्या लाकडी खोक्यांत लावायच्या. त्या गवताला, ओल्या चिकूला आणि नव्या फळीला मिळून एक वास यायचा. तो मला अजून कधी कधी उगाचच येतो.

त्या दिवसांत आमचा मुलूख मराठी राज्यात जाणार की गुजराती, यावर मोठी माणसं ओट्यावर बसून तावातावाने बोलत. आम्हा पोरांना त्यातलं एवढंच कळे, की भांडतानाही ती निम्मं मराठीत आणि निम्मं गुजरातीत भांडतात. कोणाला काही वावगं वाटत नसे. दुकानात एक भाषा, कचेरीत एक, समुद्रावर तिसरी, आणि घरी आई रागावली की चौथीच.

त्या सालच्या थंडीत शेजारच्या पारशी शेठच्या बंगल्यात एक लेखक येऊन राहिले. छातीचा आजार होता आणि डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली होती. सगळे त्यांना पंत म्हणत. आप्पा त्यांना दूध आणि चिकू पाठवत, म्हणून त्यांनी एक दिवस आप्पांना स्वतःचं पुस्तक दिलं. आप्पांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, त्यात खतांविषयी काही नाही याची खात्री केली आणि माझ्याकडे दिलं. 'सातव्या भरतीचा राजपुत्र'. मी ते रात्रीच्या जेवणाआधी सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत दप्तरात लपवून संपवलं. समुद्राखाली बुडालेलं राज्य, घोट्यापर्यंत केसांची राजकन्या, हाताला सहा बोटं असलेला राक्षस, आणि शेवटी वादळात समुद्रात पडलेला राजपुत्र. त्याला एक मासा गिळतो, तीन दिवस पोटात ठेवतो आणि एका अनोळखी किनाऱ्यावर आणून सोडतो. राजपुत्र वाळूत उभा राहतो, समोर बघतो. आणि खाली छापलेलं: पहिला भाग समाप्त.

मग मी ते पडवीत मोठ्याने वाचायला लागले. बायकांचे हात चालू, माझं तोंड चालू. त्यांत लाडकीबाई म्हणून एक होती, डोंगराकडच्या पाड्यावरून कामाला येणारी. तिला अक्षर येत नव्हतं, पण मी कंटाळून एखादं वाक्य गाळलं तर ती चिकू खाली ठेवायची. "काल घोडा पांढरा होता ना? आज तू रंगच नाय सांगितलास." गोष्टीशी इमान राखायचं म्हणजे काय, हे मला कोणा गुरुजींनी नाही, त्या बाईने शिकवलं. गोष्ट शेवटाला पोचली तेव्हा लाडकीबाईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू पुस्तक मीच फाडलंय. "अशी कशी संपली? मानूस उभाच ठेवला तिथं?"

तेच मला सलत होतं. मी सरळ पंतांच्या बंगल्यावर गेले. ते व्हरांड्यात शाल पांघरून बसले होते. उंच, कृश, आणि कायम कोणीतरी आपला अपमान केलाय असा चेहरा. मी विचारलं, "पुढे काय होतं?" त्यांनी आतल्या एका काळ्या पेटीकडे बोट केलं. "दुसरा भाग त्यात आहे. छापायचा नाही असं मी ठरवलंय." का, तर मुंबईतल्या एका नाटक मंडळीने त्यांच्या राजपुत्रावर नाटक केलं होतं. त्यात त्यांनी राजकन्येच्या दोन नाचऱ्या मैत्रिणी घातल्या, एक विनोदी हवालदार घातला आणि मासा काढून टाकला. "हवालदार," पंत म्हणाले, आणि त्यांना खोकला आला. मी त्यांना पाणी दिलं. नंतर मी जे बोलले ते बोलायला नको होतं, पण बोलले. मी म्हणाले, आम्ही नाटक करू. एक शब्द न बदलता. आमचे अण्णाकाका दर वर्षी करतातच.

पंत म्हणाले, "ठीक. मी येईन, माझं पुस्तक आणि पेन्सिल घेऊन. जसं लिहिलंय तसं झालं, तर दुसरा भाग सगळ्यांत आधी तुझ्या हातात. कुठे हवालदार दिसला, तर ती पेटी कोणी उघडणार नाही." त्या दिवशी मी बंगल्यापासून घरापर्यंत वाळूत पळत आले आणि चप्पल तिकडेच राहिली. दुसरा भाग. जगात अजून कोणी न वाचलेला. मला त्या वयात याहून मोठं काही माहीतच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही फारसं माहीत नाही.

अण्णाकाका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. वाडीत त्यांचं लक्ष कमी आणि नाटकात सगळं. त्यांना पुस्तक आवडलं, पण फक्त सुरुवात म्हणून. "इथे एक पद टाकू," ते म्हणायचे. मी म्हणायचे, पुस्तकात पद नाही. "राक्षस मरताना दोन वाक्यं जास्त बोलला तर कोणाचं काय जातं?" पुस्तकात तो एकच बोलतो. "बरं, राजपुत्र चिकू खातो असं दाखवू, गावाला बरं वाटेल." पुस्तकात डाळिंब आहे. शेवटी ते आईकडे तक्रार घेऊन गेले, वहिनी, ही पोरगी आहे की कोर्टाचा बेलीफ. आई भाकरी उलटत म्हणाली, "तुम्हीच डोक्यावर बसवलीय, आता तुम्हीच उतरवा."

पात्रं निवडताना तर मी कहर केला. राजपुत्र पुस्तकात शिडशिडीत होता, म्हणून अण्णाकाकांचा मधू घेतला. तो शिडशिडीत होता खरा, पण त्याचा आवाज त्याच महिन्यात फुटायला लागला होता आणि 'हे समुद्रा' म्हणताना 'हे' जाडा आणि 'समुद्रा' चिरका निघे. राजकन्येचे केस घोट्यापर्यंत हवेत यावर मी हटून बसले, तेव्हा काथ्याची वेणी काळी रंगवून माझ्या मैत्रिणीला, विमलला, लावली. ती बिचारी प्रेमाचं भाषण करताना मान खाजवत असे. आणि राक्षस. पुस्तकात राक्षसाला सहा बोटं. चिखल्यात सहा बोटांचा माणूस एकच, बाबल्या गाडीवान, आणि त्याच्याइतका मऊ माणूस मी जन्मात पाहिला नाही. बैलालासुद्धा तो "चल ना रे" म्हणायचा. अण्णाकाका कपाळाला हात लावून म्हणाले, सहावं बोट आपण मेणाचं लावू, पण आवाजाचा माणूस घेऊ. मी म्हणाले, नाही, खरं बोट हवं. मग रोज संध्याकाळी बाबल्या आमच्या अंगणात येऊन हात वर करून म्हणायचा, "तुला खाऊन टाकीन, हां," आणि मधूला पाणी विचारायचा.

राहिला मासा. अण्णाकाकांना 'देवमासा' हवा होता, भारदस्त वाटतो म्हणून. आई म्हणाली, म्हावरं म्हणा सरळ, मासा मासा काय लावलंय. आमच्याकडे 'मासा' हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हताच. म्हावरं म्हणायचे, नाहीतर थेट नाव घ्यायचे, बोंबील, बोय, घोळ. पण पंतांच्या पुस्तकात 'मासा' होतं, आणि म्हणून मासाच. पुस्तकात तो 'पर्वतप्राय उदराचा' होता. पर्वतप्राय उदर चिखल्यात एकाच माणसाला होतं, आणि ते म्हणजे रस्त्याच्या वळणावरचे किराणा दुकानदार ठाकोरभाई.

ठाकोरभाईंची गोष्ट थोडी सांगायला हवी. ते आणि कमुबेन दुकानाच्या मागेच राहत. त्यांना मूल नव्हतं, पण कमुबेनच्या बहिणीचा मुलगा, हसमुख, आईविना राहिलेला, त्यांनी लहानपणापासून सांभाळला होता. दोन वर्षांपूर्वी काहीतरी शब्दाला शब्द लागला, ठाकोरभाईंनी त्याला चालता हो म्हटलं, आणि तो खरंच गेला. आफ्रिकेच्या बोटीत बसला असं मागाहून कळलं. पत्र नाही, निरोप नाही. तेव्हापासून ठाकोरभाई दुकानात पुडी बांधताना मध्येच थांबायचे आणि पोस्टमन पुढे निघून गेला की उरलेली गाठ मारायचे.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा जरा घाबरतच गेले. माणूस इतका शाकाहारी, की म्हावरं घेऊन जाणारी बाई दुकानावरून गेली तरी अगरबत्ती लावायचा. त्यांना तोंडावर 'तुम्ही मासे होणार' कसं सांगायचं? म्हणून मी नजर गुळाच्या ढेपेवर ठेवून पटकन म्हणाले, "ठाकोरभाई, आमच्या नाटकात तुम्ही राजपुत्राचा मासा व्हाल का?"

त्यांनी हातातला तराजू खाली ठेवला. "राजकुंवरचा मासा? मी?"

"तुमच्यासारखा दुसरा कोणी नाही गावात."

"ते बराबर," ते हळूच म्हणाले. "काय करायचं असते?"

"राजपुत्र समुद्रात पडतो. मासा येतो, त्याला पोटात घेतो, तीन दिवस ठेवतो आणि मग किनाऱ्यावर सोडतो. बस."

"तीनच दिवस? जास्ती ठेवू ना."

"पुस्तकात तीनच आहेत."

"आणि बोलायचं काय?"

"काही नाही. मासा बोलत नाही."

ठाकोरभाईंनी मान हलवली. "कसली माणसं लिहितात. मासा आहे आणि बोलत नाही." मग त्यांनी डोळे पुसले. मला वाटलं मिरचीच्या पोत्यामुळे. त्यांना दुकान सोडून तालमीला येता येणार नव्हतं, आणि पोशाखाचं माप घ्यायचं म्हटलं तर म्हणाले, "पोशाक मारी पासे छे." पोशाख त्यांच्यापाशीच आहे म्हटल्यावर मला वाटलं, बरंच झालं. आम्ही फक्त एक शेपूट बनवली, गोणपाटाची, चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद चिकटवून, आणि ती विंगेत खिळ्याला टांगून ठेवली.

आता कोणी म्हणेल, इंदू, तुला गुजराती येत नव्हतं का? चांगलं येत होतं. हसमुख त्यांना दिवसातून दहा वेळा काय हाक मारायचा हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण माझं डोकं त्या दिवसांत पुस्तकाच्या बाहेर नव्हतंच. पुस्तकात एक शब्द होता आणि त्याला एकच अर्थ होता.

नाटक दुपारी चारला ठेवलं, कारण पंतांना दव पडायच्या आत घरी जायचं होतं. आमच्या अंगणात चिकूची खोकी उलटी मांडून रंगमंच केला होता. समोर सगळं गाव, पडवीतल्या बायका, पहिल्या रांगेत वेताच्या खुर्चीत पंत, मांडीवर पुस्तक, हातात पेन्सिल. मी पडद्याआड पुस्तक घेऊन उकिडवी बसले, प्रत्येक शब्द सांगायला. आणि काय सांगू, सगळं जसंच्या तसं झालं. मधूचा आवाज फुटला, पण शब्द फुटला नाही. विमलने मान खाजवली, पण वाक्यं पुरी केली. बाबल्या 'हां' म्हणायचं विसरला, देवाची कृपा. मी पडद्याच्या फटीतून सारखी पंतांच्या पेन्सिलीकडे बघत होते. दोन अंक झाले आणि पेन्सिल हलली नव्हती. दुसरा भाग जवळजवळ माझ्या हाताला लागत होता.

मग वादळ आलं. आईच्या निळ्या लुगड्याची दोन टोकं धरून विमलने आणि बाबल्याने लाटा केल्या, मधू त्यात पडला, गटांगळ्या खाऊ लागला. मी पुस्तकातलं वाक्य वाचलं: "आणि तेवढ्यात मासा आला."

ठाकोरभाई विंगेतून नाही आले. ते प्रेक्षकांतून आले, सरळ रस्त्यावरून. पांढराशुभ्र लांब कोट, काळी टोपी, काखेत छत्री, हातात पितळेचा डबा. समुद्रापाशी येऊन त्यांनी धोतराचा सोगा वर धरला, भिजू नये म्हणून, आणि लाटांत पाऊल टाकलं. मधूकडे वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अरे दीकरा, आटला पाणीमां शुं करे छे? शरदी थशे. चाल, घेर चाल." एवढ्या पाण्यात काय करतोस, सर्दी होईल, घरी चल.

मग प्रेक्षकांतून आईचा आवाज आला, खणखणीत: "अगं बाई, यांच्या गुजरातीत मासा म्हणजे मावशीचा नवरा." आणि अंगण फुटलं. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. बाबल्याने समुद्र सोडून दिला आणि तो हसत खाली बसला. मी पडद्याआडून ओरडले, "पोटात! मधू, पोटात जा!" मधूला काही सुचेना. ठाकोरभाईंना मात्र सुचलं, त्यांनी शब्द ऐकला आणि पोराला दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरलं, असं घट्ट की मधूच्या डोक्याचा नुसता शेंडा दिसत होता. म्हणजे पुस्तकाप्रमाणे तो दिसेनासा झाला म्हणायचा.

मग ते बोलले. मासा बोलत नाही हे त्यांना मी सांगितलं होतं, पण मासा काय न बोलता राहतो? "तें एकेय कागळ न लख्यो," ते म्हणाले. एकसुद्धा पत्र लिहिलं नाहीस. "तारी मासी रोज दरवाजे बेसे छे. मी बोललो ते बोललो. मोठा माणूस बोलतो, त्यात काय. असं बोटीत बसून जातात का?"

हसणं हळूहळू थांबलं. चिखल्यात ती गोष्ट माहीत नसलेलं कोणी नव्हतं. मागच्या रांगेत कमुबेनने पदर तोंडाला लावला होता. मधूला, त्या गाढवाला, आयुष्यात पहिल्यांदा शहाणपण सुचलं. तो त्या कोटात तोंड खुपसून, चिरक्या आवाजात म्हणाला, "चुकलो, मासा." हे पुस्तकात नव्हतं. मी ते पान धरून बसले होते आणि मला रडूही येत होतं आणि त्याला बडवावंसंही वाटत होतं.

आणि नेमक्या त्या वेळी अण्णाकाकांना कर्तव्य आठवलं. नाटक वाचवायला हवं म्हणून ते शेपूट घेऊन खोक्यांवरून रांगत निघाले, ठाकोरभाईंच्या मागे पोचले आणि त्यांच्या कोटाला सेफ्टीपिनांनी ती शेपूट लावायला लागले. ठाकोरभाईंनी मागे वळून पाहिलं. "अण्णा, शुं करो छो?" अण्णाकाका खालूनच म्हणाले, "काही नाही, तुम्ही चालू द्या." त्यानंतर जे हसणं सुरू झालं ते चिंचणीपर्यंत ऐकू गेलं असेल. लाडकीबाई खोकं बडवत होती. ठाकोरभाईंनी डबा उघडला, मधूला गूळ-कणकेच्या सुखडीची एक वडी भरवली आणि म्हणाले, एक दिवस थयो. दुसरी भरवली, दुसरा दिवस. तिसरी हातात धरून बराच वेळ थांबले. मी कुजबुजले, "सोडा आता, तीन दिवस झाले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी पुस्तकाप्रमाणे त्याचा हात धरून, शेपूट ओढत, किनाऱ्यावर नेऊन सोडलं. छत्री दिली. उरलेली सुखडी दिली. "पहोंचीने कागळ लखजे," पोचलास की पत्र लिही, असं ते म्हणाले, आणि आल्या वाटेने रस्त्यावर निघून गेले, शेपटीसकट.

पडदा पडला तेव्हा मी पंतांकडे पाहिलं. पुस्तक खाली पडलं होतं. पेन्सिल मोडली होती. ते शालीत तोंड लपवून हलत होते, आणि दोघांनी धरून त्यांना बंगल्यावर नेलं. मला वाटलं, संपलं. हवालदार परवडला असता. रात्री मी जेवले नाही. आईने ताट झाकून ठेवलं. ओमचं ताट झाकताना मला तेच ताट आठवलं होतं.

सकाळी मी शिक्षा ऐकायला जावं तशी बंगल्यावर गेले. पंत व्हरांड्यात होते आणि चेहऱ्यावर अपमान नव्हता, हे मी आधी पाहिलं. "मी शब्द मोडला," मी म्हणाले. "मासा तुमचा नव्हता." ते उठले, काळी पेटी उघडली आणि एक वही माझ्या हातात ठेवली. पहिल्या पानावर सुंदर अक्षरात 'भाग दुसरा' लिहिलेलं होतं. दुसरं पान कोरं. तिसरं कोरं. मी शेवटपर्यंत उलटली.

"तीन वर्षं तो राजपुत्र त्या किनाऱ्यावर उभा आहे," पंत म्हणाले. "त्याचं काय करायचं मला कळत नाही. म्हणून कोणी काही केलं की मी शब्द मोजत बसायचो." मग खुर्ची पुढे ओढली. "ते गृहस्थ काल नक्की काय म्हणाले? पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."

इतकी रागावले होते मी. मला फसवलं होतं या माणसाने. पण काही गाळू नकोस म्हटल्यावर माझ्याकडून गाळलं जाणं शक्यच नव्हतं. मी शब्दन् शब्द सांगितला, शरदी थशेपासून कागळ लखजेपर्यंत, शेपटीसकट, आणि सांगता सांगता माझा राग कधी गेला आणि आम्ही दोघं कधी हसायला लागलो ते कळलं नाही. निघताना त्यांनी कोरी वही परत घेतली आणि पहिल्यांदाच मला फाटकापर्यंत सोडायला आले.

पुढच्या साली पंत बरे होऊन परत गेले, आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यानंतर टपालाने पुस्तक आलं. दुसरा भाग. सगळ्यांत आधी माझ्या हातात. पहिल्याच प्रकरणात किनाऱ्यावर उभ्या राजपुत्राला पांढऱ्या कोटातला एक लठ्ठ म्हातारा भेटतो, समुद्रातून चालत येतो, कपडे भिजू देत नाही, आणि म्हणतो, तुझ्या मावशीने दार उघडं ठेवलंय. मला आधी प्रचंड संताप आला. पहिल्या भागात याचा उल्लेख कुठे आहे? मग मी पुस्तक घेऊन वळणावरच्या दुकानात पळत गेले.

ठाकोरभाईंना मराठी वाचता यायचं नाही. ते तराजू बाजूला ठेवून, हाताची घडी घालून ऐकत बसले. कमुबेन आतून येऊन दाराला टेकून उभी राहिली. मी वाचलं: म्हाताऱ्याने राजपुत्राला पोटाशी धरलं, डबा उघडला आणि त्याला बेसनाचा लाडू भरवला.

"ऊभी रहे," ठाकोरभाई म्हणाले. "काय भरवला?"

"लाडू. बेसनाचा."

"लाडू नव्हता. सुखडी होती. कमुने केली होती, हसमुखला आवडते म्हणून. सगळ्या गावाने पाहिलं." ते मनापासून दुखावले होते. "लेखकलोक असं का करतात? जे झालं ते तसंच लिहायचं ना." मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढे केली. "बराबर कर. पोरगा येईल आणि वाचेल, तर खोटं वाचायला नको."

मी, जिने राजकन्येच्या केसांची एक बोट लांबी सोडली नव्हती, त्या छापील पानावर 'बेसनाचा लाडू' खोडला आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'सुखडी'. ठाकोरभाईंनी वाकून ते बघितलं, समजल्यासारखी मान हलवली, आणि म्हणाले, आता पहिल्यापासून वाच.